दहा मोटरींची एक डीपी

रावेर-यावल पट्ट्यातल्या एका गावात, सातपुड्याच्या पायथ्याकडे जाणाऱ्या गाडरस्त्यावर, केळीच्या बागांमध्ये ६३ केव्हीए क्षमतेची एक डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, उभी होती. तिच्यावर दहा ट्यूबवेल चालायच्या. एका उन्हाळ्यात, एप्रिल ते मेअखेर, त्या दहांपैकी सहा मोटरी जळाल्या आणि शेवटी डीपीच जळाली. ती बदलून यायला नऊ दिवस लागले. मे महिन्यात निसवलेल्या, म्हणजे घड बाहेर पडलेल्या, बागेला नऊ दिवस पाणी नाही म्हणजे काय, हे इकडच्या माणसाला सांगावं लागत नाही.

त्या दहा शेतकऱ्यांपैकी एकाची मुलगी आमच्या कॉलेजात इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला होती. जुलैत प्रोजेक्टचे विषय द्यायची वेळ आली तेव्हा तिने विचारलं, "सर, आमच्या डीपीवर प्रोजेक्ट होईल का?"

मी गेली बरीच वर्षं इलेक्ट्रिकल मशीन्स शिकवतो. दर वर्षी माझ्या टेबलावर येणारे बहुतेक विषय एकाच साच्याचे असतात: मोबाईलवरून पंखा चालू-बंद, झाडाला आपोआप पाणी. त्यातले काही दुकानातून तयार आणलेलेही असतात. घरचं दुखणं घेऊन आलेली ही पहिलीच मुलगी. मी हो म्हटलं. पुढे जे घडलं ते सविस्तर लिहितोय, कारण इलेक्ट्रिकल घेऊन पुढे काय करायचं हा प्रश्न जळगाव-धुळे-नंदुरबारमधून मला सतत विचारला जातो आणि या एका प्रकरणाएवढं नेमकं उत्तर माझ्याकडे दुसरं नाही. चौघांच्या आणि गावकऱ्यांच्या संमतीने लिहितोय. नावं मुद्दाम टाळली आहेत.

गटात ती धरून चौघं. एक भुसावळचा, वडील रेल्वेत. एक साक्री तालुक्यातला, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला, घरी अहिराणी बोलणारा. चौथा जळगाव शहरातला, वर्गात पहिला. मुलीच्या हातात ऑगस्टमध्येच पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीची साडेतीन लाखांची ऑफर होती. त्या वर्षी आमच्याकडे ज्यांना ऑफर मिळाल्या त्यांतल्या बहुतेक सॉफ्टवेअरच्याच होत्या.

मोजायला गेल्यावर

गावात जळालेल्या मोटरीची दोन कारणं ठरलेली होती. वाइंडिंगवाल्याने हलकी तार वापरली, नाहीतर वीज कंपनीचं व्होल्टेज कमी. दुसरं कारण खरंच होतं, पण व्होल्टेज कुठे कमी आणि कशामुळे, हे कुणी पाहिलं नव्हतं. मुलीच्या वडिलांची मोटर दोन वर्षांत तीनदा जळाली होती. त्यांनी दोन वाइंडिंगवाले बदलले होते.

मी पहिल्याच दिवशी एक अट घातली. डीपीला हात लावायचा नाही, खांबावर चढायचं नाही. गावातले लोक फ्यूज गेला की स्वतःच जाऊन ॲल्युमिनियमच्या तारेचा पदर टाकतात, आणि त्यात माणसं गेलेली आहेत. मुलांनी मोजायचं ते स्टार्टरच्या पेटीत, करंट मोजणाऱ्या टाँग टेस्टरने आणि व्होल्टेज मोजणाऱ्या मल्टिमीटरने, हातमोजे घालून, मी समोर असताना. डीपीवरची मोजणी गावचा वायरमन करणार. तो समजूतदार माणूस होता आणि त्या डीपीने त्याच्याही कित्येक रात्री खाल्ल्या होत्या.

मुख्य मोजणी मार्चमध्ये झाली. दहाही मोटरी चालू असताना डीपीपासून नऊशे मीटरवरच्या शेवटच्या ट्यूबवेलवर सरासरी ३२२ व्होल्ट मिळाले. मिळायला हवे होते ४१५. शेवटची ट्यूबवेल तिच्या वडिलांचीच.

आता ३२२ व्होल्टला मोटर का जळते, हे पोरांना दुसऱ्या वर्षी मीच शिकवलं होतं. परीक्षेत त्यांनी ते बरोबर लिहिलंही होतं, पण त्या दिवशी पेटीसमोर उभं राहून पहिल्यांदा कळलं असं चौघंही म्हणाले. बल्बला व्होल्टेज कमी पडलं की तो मंद होतो आणि कमी वीज खातो. मोटर तसं करत नाही. पाणी तेवढ्याच खोलीवरून उचलायचं असतं, म्हणून ती जास्त करंट ओढते. टॉर्क, म्हणजे फिरवण्याची ताकद, व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे ३२२ व्होल्टला तो मूळच्या ६० टक्क्यांवर येतो. तेवढ्यात काम भागवताना वेग पडतो, स्लिप (फिरत्या चुंबकीय क्षेत्रामागे पडणं) वाढते, करंट वाढतो आणि वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. इन्सुलेशनचा हिशोब असा मांडतात की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. बाहेर सावलीत ४५ अंश असताना त्या पेटीतलं आणि बोअरमधलं गणित काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको.

मग करंट फार वाढला की मोटर तोडण्यासाठीच असलेल्या ओव्हरलोड रिलेने ती बंद का केली नाही? कारण जळालेल्या सहाही मोटरींच्या स्टार्टरमध्ये रिले बायपास केलेला होता. जळगावच्या मुलाने हे पाहून डोक्याला हात लावला. मुलीने त्याला शांतपणे सांगितलं, "रात्रीची लाइट असते. रिले पडला की कुणीतरी शेतात जायचं. आमच्याकडे बिबट्या फिरतो." रिले का काढतात, ऑटो स्विच का लावतात, याचं कारण तिथे आहे. आठ तास थ्री फेज मिळणार, त्यातही आळीपाळीने रात्र. माणूस घरी झोपलेला असताना लाइट आली की मोटर आपोआप सुरू व्हायला हवी. ज्याला हे माहीत नाही त्याने शेतकऱ्याला अडाणी म्हणू नये, असं मी त्या दिवशी पोरांना जरा चढ्या आवाजात बोललो.

पण त्याच ऑटो स्विचमुळे लाइट येते त्या क्षणी दहाही मोटरी एकदम उठत होत्या. थेट सुरू होणारी मोटर पहिल्या काही सेकंदांत आपल्या नेहमीच्या करंटच्या पाच-सहा पट ओढते. दहा जणांनी एकाच वेळी दरवाजातून आत घुसावं तसं. शेवटच्या मोटरीला त्या गर्दीत फिरायलाच ताकद मिळायची नाही. ती गुणगुणत, तापत उभी राहायची.

नेमप्लेट

कंपनीच्या कागदावर दहा कनेक्शन, प्रत्येकी ५ एचपी. ५० एचपीला कार्यक्षमता आणि पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामाला येणारा वाटा) धरून साधारण ६२ केव्हीए लागतात. म्हणजे ज्या इंजिनिअरने ६३ची डीपी दिली त्याचं काही चुकलं नव्हतं.

जमिनीवर चित्र वेगळं होतं. पाणी खाली गेलं तशा मोटरी वाढल्या होत्या. चार मोटरी ५ एचपीच्याच राहिल्या, चार साडेसातच्या झाल्या, दोन १०च्या. एकूण ७० एचपी, म्हणजे सुमारे ८७ केव्हीए. ६३ केव्हीएच्या डीपीचा पूर्ण करंट ८४ अँपिअर असतो. तिच्यातून ११६ जात होते.

हे कळायला आम्हाला तीन फेऱ्या लागल्या. काही पेट्यांवरच्या नेमप्लेट खरवडलेल्या होत्या, सबमर्सिबल तर जमिनीखाली. लोक विचारत, "हे कुठे देणार तुम्ही?" भीती रास्त होती. लोड वाढल्याचं कंपनीला कळलं तर डिमांड नोट (पैसे भरायची नोटीस) येईल, मागची थकबाकी निघेल. मुलांनी पारावर बसून शब्द दिला की अहवालात कुणाचं नाव येणार नाही, फक्त डीपीपासूनचं अंतर आणि एचपी. आणि तो पाळला. परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी नावांची यादी मागितली तेव्हा मुलीने नम्रपणे नाही म्हटलं. त्या एका नकाराचे मी मनातल्या मनात तिला जास्तीचे गुण दिले.

या यादीतून जे निघालं ते तिला सर्वांत जास्त लागलं. मोठ्या झालेल्या मोटरी बहुतेक डीपीच्या जवळच्या होत्या. तिच्या वडिलांनी मोटर कधी वाढवली नव्हती, ५चीच होती. पण ते लाइनच्या शेवटाला होते, म्हणून वाढलेल्या २० एचपीचा फटका त्यांच्या वाइंडिंगवर पडत होता. गावात भांडण नव्हतं, कुणी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. तारेला मात्र कोण कुठे आहे हे कळत होतं.

एक गोष्ट आकडेमोडीतून निघाली नसती. शेवटच्या ट्यूबवेलवर तीन फेजमधलं व्होल्टेज सारखं नव्हतं: ३३५, ३२२, ३०९. फरक चार टक्के दिसतो, पण एवढ्या असमतोलाने मोटरीच्या करंटमध्ये त्याच्या सहा ते दहा पट असमतोल येतो आणि एक फेज बाकीच्यांच्या आधी जळतं. आम्ही बाकीचे कागदावर कारण शोधत बसलो. साक्रीचा मुलगा डिप्लोमाच्या सुट्ट्यांत एका इलेक्ट्रिकल ठेकेदाराकडे काम करायचा. तो म्हणाला, "सर, रात्री एकदा लाइनीखालून चालू या." चाललो. सहाव्या खांबावर एका फेजचा जंपर, म्हणजे दोन तारा जोडणारा तुकडा, नुसता पिळून बांधलेला होता आणि लोड आला की तो जॉइंट अंधारात लालसर दिसत होता. दुसऱ्या दिवशी वायरमनने एबी स्विच पाडून, म्हणजे लाइन बंद करून, तिथे क्लॅम्प बसवला.

पारावरची बैठक

उपायांची आकडेमोड जळगावच्या मुलाने केली. प्रत्येक मोटरीला कपॅसिटर, म्हणजे पॉवर फॅक्टर सुधारणारं उपकरण: ५ एचपीला २ केव्हीएआर (कपॅसिटरच्या क्षमतेचं एकक), साडेसातला ३, दहाला ४. एकूण २८. त्याने पॉवर फॅक्टर ०.८० वरून ०.९४च्या आसपास जातो, ११६ अँपिअरचे ९८ होतात, तारेतलं नुकसान चौथाईहून जास्त घटतं. पण ९८ म्हणजे अजूनही ८४च्या वरच. कपॅसिटर लावा आणि सगळं मिटेल असं सांगणं सोपं होतं. त्याने ते सांगितलं नाही. डीपी १०० केव्हीएची हवी, आणि ती हवी तर लोड कागदावर आणावा लागेल, असं तो मारुतीच्या पारावर दहा जणांसमोर सरळ बोलला. कुणी काही बोललं नाही. एक जण उठून गेला.

दुसरा उपाय मुलीचा. ऑटो स्विच काढा म्हणून कुणी काढणार नाही, हे तिला माहीत होतं. म्हणून तिने ऑटो स्विचला टायमर सुचवला: लाइट आल्यावर प्रत्येक मोटर तीस-तीस सेकंदांच्या अंतराने सुरू होईल. दहावी साडेचार मिनिटांनी. आणि क्रम डीपीपासून नव्हे, शेवटापासून. शेवटच्या मोटरीला उठताना सर्वांत कमी व्होल्टेज मिळतं, तेव्हा लाइन मोकळी असताना ती आधी उठावी. डीपीशेजारची मोटर शेवटी उठली तरी तिला काही कमी पडत नाही.

इथे खरी अडचण होती, कारण शेवटची मोटर तिच्याच घरची. "तुह्या बापाची पयले?" असं एका काकांनी विचारलंच. ती रडवेली झाली. मग डीपीशेजारच्या १० एचपीवाल्या नानांनी, ज्यांना साडेचार मिनिटं थांबावं लागणार होतं, टायमर हातात घेतला आणि म्हणाले, "आठ तासात साडेचार मिन्टं. मले काय फरक पडतो? लाव पोरी." नानांनी लावला म्हणून बाकीच्यांनी लावला.

त्या मेमध्ये दहापैकी आठ जणांनी कपॅसिटर बसवले, टायमर सगळ्यांनी. शेवटच्या ट्यूबवेलवर ३३८ व्होल्ट आले आणि तिन्ही फेज जवळपास सारखे. सहांच्या जागी दोन मोटरी जळाल्या. दिवाळीनंतर मोटर मोठी केलेल्या सहा जणांपैकी चौघांनी लोड वाढवून घेतला आणि १०० केव्हीएची डीपी आली. पुढच्या मेमध्ये व्होल्टेज ३४८, जळालेली मोटर एक, आणि तीही बोअर कोरडी चालल्याने.

चौघं कुठे गेली

मुलीने ऑफर स्वीकारली. मी तेव्हा नाराज झालो होतो, हे कबूल करतो. मला वाटत होतं तिने गेट या एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेची तयारी करावी, किंवा महावितरण, महापारेषणच्या परीक्षेला बसावं. एक संध्याकाळ मी तिच्या घरी जाऊन हे बोललोही. तिचे वडील ऐकून घेऊन म्हणाले, "सर, केळीचा भाव कधी भेटीन ते मले मालूम नाही. पगार तं एक तारखेले भेटीन." त्या घरात नऊ दिवसांच्या बागेचं कर्ज होतं. तयारीचं एक वर्ष म्हणजे घरात पगार नसलेलं एक वर्ष असतं, आणि ते कुणाला परवडतं हे आम्ही मास्तर लोक सल्ला देताना विसरतो. ती पुण्याला गेली, चौदा महिने पगारपत्रकाच्या सॉफ्टवेअरची चाचणी केली. त्यानंतर वीज मीटरच्या आकड्यांचं विश्लेषण करणाऱ्या एका कंपनीत तिची मुलाखत झाली. तिथे तिने शेवटच्या ट्यूबवेलचे तीन आकडे फळ्यावर लिहिले आणि तो लालसर जॉइंट सांगितला. आज ती फीडरचे, म्हणजे डीपींना वीज पुरवणाऱ्या मुख्य लाइनचे, आकडे पाहून कुठली डीपी दमलीय हे ओळखणारा कोड लिहिते. "कोअर की आयटी", म्हणजे आपल्या शाखेचं काम की सॉफ्टवेअरचं, असा वाद आमच्याकडे दर वर्षी रंगतो. तिच्यानंतर मी त्यात उतरत नाही.

भुसावळच्या मुलाचा मार्ग आधीपासून ठरलेला होता. घराजवळ इलेक्ट्रिक लोको शेड, दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राची धुराडी खिडकीतून दिसणारी. रेल्वेत ज्युनिअर इंजिनिअर व्हायला त्याला अडीच वर्षं आणि दोन प्रयत्न लागले. आता २५ केव्हीच्या तारेखाली चालणाऱ्या इंजिनांच्या मोटरी तपासतो. दीपनगरला ५०० मेगावॉटचे दोन संच आणि नवा ६६० मेगावॉटचा संच आहे; तिथेही त्याने अर्ज केला होता, झालं नाही.

साक्रीच्या मुलाला पुण्या-मुंबईला जायचंच नव्हतं. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे, ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग आहे, धुळ्याला ७६५ केव्हीचं उपकेंद्र आहे. त्याने दोन वर्षं एका सौर प्रकल्पाच्या देखभालीत काढली, मग परवाना घेऊन स्वतःची ठेकेदारी सुरू केली. फेब्रुवारी २०२४मध्ये पीएम सूर्यघर योजना आली आणि तीन किलोवॉटच्या घरगुती संचाला ७८ हजारांचं अनुदान मिळू लागलं, तेव्हा त्याच्याकडे काम मावेना. चौघांत आज सर्वांत जास्त कमावतो तो. वर्गात सर्वांत कमी गुणही त्याचेच होते.

जळगावच्या मुलाला गेटमध्ये दोनदा हवा तसा क्रमांक मिळाला नाही आणि तो खचला होता. कपॅसिटरच्या त्या हिशोबाची वही घेऊन तो एमआयडीसीतल्या एका पाइपच्या कारखान्यात गेला. उच्चदाब ग्राहकांना १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे प्रत्यक्ष कामाला न आलेली वीजही धरून, बिल येतं, म्हणजे पॉवर फॅक्टर ढिला की बिल थेट फुगतं. त्याने त्यांच्या बारा महिन्यांच्या बिलांचा अभ्यास करून दिला, पैसे न घेता. मालकाने दुसऱ्या कारखान्याकडे पाठवलं. आता तो ऊर्जा लेखापरीक्षण करतो, बीईईची (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची) परीक्षा पास झाला आहे आणि जळगावच्या डाळ मिलांमधल्या मोटरी त्याला तोंडपाठ आहेत.

उरलेले बेचाळीस व्होल्ट

४१५ला सहा टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे शेवटच्या ट्यूबवेलवर निदान ३९० व्होल्ट हवेत. मिळतात ३४८. नऊशे मीटरची बारीक तार बदलल्याशिवाय, किंवा शेवटाकडे ११ केव्हीची लाइन नेऊन तिथे एक छोटी डीपी उभारल्याशिवाय हे बेचाळीस व्होल्ट भरून निघणार नाहीत. कपॅसिटर आणि टायमरने जेवढं होणार होतं तेवढं झालं.

या वर्षीच्या गटाने फाइल मागून घेतली आहे. त्यांनी दुसऱ्या डीपीची जागा हिशोबाने काढली. ती नेमकी ज्या बांधावर येते तो ज्यांचा आहे ते, पहिल्या बैठकीतून उठून गेलेले गृहस्थ. मुलं दोनदा जाऊन आली, चहा मिळाला, होकार नाही. गेल्या रविवारी मुलगी पुण्याहून आली होती. ती एकटीच त्यांच्याकडे गेली आणि त्यांच्या पेटीतलं व्होल्टेज मोजून त्यांना दाखवलं: ३६१. ते बराच वेळ मीटरकडे बघत राहिले आणि म्हणाले, "अन् तो खांब इथं उभा केला तं किती येईन?"

तिने आकडा सांगितला नाही. म्हणाली, "पोरं हिशोब करून आणतील, काका. मार्चच्या आत."